खुर्चीच्या मागे

रत्नाक्कांचा चेहरा आठवायला बसलो की आधी त्यांचा अंबाडा आठवतो. केमोत गेलेले केस परत आले ते कुरळे आले आणि अंबाड्यात बसेनात. काळ्या पिनांनी त्या ते दाबून ठेवत, तरी मानेवर एखादी बट सुटलेलीच असे. ती बट हलली की मला कळायचं, अक्का आता काहीतरी बोलणार.

चेहऱ्याआधी अंबाडा आठवतो, कारण दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभा राहत असे. शहराबाहेरच्या एका कॅन्सर रुग्णालयात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. समोर शिकाऊ डॉक्टर बसायचे, एमबीबीएस होऊन कॅन्सरचं पुढचं शिकणारी मुलंमुली. अक्का पेशंट व्हायच्या आणि मी पेशंटचा नातेवाईक. माझ्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. डॉक्टर बोलायला लागला की अक्कांच्या डोक्यावरून त्याला हाताने खूण करायची, एवढंच काम. खूण म्हणजे, नका सांगू.

ही खूण आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. हात छातीपर्यंत येतो, पंजा दोनदा आडवा हलतो, डोळे मोठे होतात. मुलगा आईच्या मागे उभा राहून करतो, नवरा बायकोच्या मागे. प्रेमानेच करतात. डॉक्टर ती पाहतो, एक क्षण थांबतो आणि मग पेशंटला म्हणतो, "काही विशेष नाही, थोडी ट्रीटमेंट घ्यावी लागेल."

"त्या एका क्षणावर माझा राग आहे," असं अक्का पहिल्याच वर्गात म्हणाल्या होत्या.

अक्का आमच्या गल्लीत राहत. शहराच्या पूर्व भागातली ती गल्ली, सकाळपासून यंत्रमागांची खटखट. वीज गेली की सगळे माग एकदम थांबत आणि माणसं दचकून बाहेर येत. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू. पण त्यांनी मागाला हात लावला नाही. पुढच्या खोलीत टंकलेखनाची संस्था काढली आणि गल्लीतल्याच नव्हे, अक्कलकोट-बार्शीकडून आलेल्या मुलामुलींनाही टायपिंग शिकवलं. कचेऱ्यांमधून अजून भेटतात त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यासमोर अक्कांचं नाव काढलं की त्यांची पाठ आपोआप सरळ होते.

खोडरबर त्यांच्या संस्थेत चालत नसे. ओळीत चूक झाली की अक्का मागून येत आणि म्हणत, "कागद बदल." रागावून नाही, तोफ डागल्यासारखंही नाही. चहा ठेव म्हणावं तसं. पान संपत आलेलं असो, परीक्षा उद्यावर असो, कागद बदल आणि पहिल्या ओळीपासून.

मी तेव्हा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. माणसांपेक्षा पुस्तकांत बरा. अक्का मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय वाचनालय," म्हणत, "आज तोंड उघडणार की सुट्टी आहे?" त्यांच्याशी माझी मैत्री झाली ती मी बोलत नसे म्हणूनच झाली असावी. त्यांना ऐकणारा मिळाला.

त्यांचं पहिलं आजारपण मी गल्लीतून पाहिलं, पण त्याची हकीकत कळली ती खूप नंतर. छातीत गाठ निघाली. नरसय्यांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. अक्का खुर्चीत, नरसय्या मागे उभे. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर अक्कांच्या डोक्यावरून मागे गेली.

"तेव्हाच कळलं मला," अक्का म्हणाल्या. "शिवाय डॉक्टरला चष्मा होता. खिडकीचा उजेड पडलेला. त्या काचेत ह्यांचा हात दिसला मला. एवढासा. माशी हाकलल्यासारखा हलत होता."

घरी सगळे म्हणत राहिले, साधी गाठ आहे. ऑपरेशन झालं, केस गेले, रेडिएशनचे शेक दिले, तरी साधी गाठ. अक्काही तेच म्हणत राहिल्या. नरसय्यांना वाटे, हिला माहीत नाही. अक्कांना वाटे, माहीत आहे हे ह्यांना कळलं तर ह्यांचा धीर सुटेल. एका खोलीत, एका दिव्याखाली, दोघं शेजारी शेजारी घाबरून झोपत आणि बोलत भाजीबद्दल. पुढे नरसय्या झोपेतच गेले, हृदयविकाराने. कॅन्सर हा शब्द दोघांमध्ये एकदाही उच्चारला गेला नाही.

"आजाराची भीती वाटलीच," अक्का म्हणाल्या. "पण त्या भीतीला घरात बसायला जागा नव्हती हो. संडासात जाऊन घाबरायचे मी."

पुढे तपासण्या त्या या दुसऱ्या रुग्णालयात करू लागल्या. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी जुन्या पेशंटांना एकदा विचारलं, आमच्या मुलांना बोलायला शिकवाल का? औषधं त्यांना येतात, वाईट बातमी सांगताना मात्र पळतात. बहुतेकांनी हात जोडले. अक्का म्हणाल्या, "शिकवते. पण मागे उभा राहायला माणूस मी माझा आणणार." तो माणूस मी.

पहिल्या दिवशी बार्शीचा निखिल नावाचा डॉक्टर समोर बसला. चुणचुणीत, भरभर बोलणारा. अक्कांनी रिपोर्ट पुढे केला. मी ठरल्याप्रमाणे खूण केली. निखिलने माझ्याकडे पाहिलं, किंचित मान डोलावली आणि म्हणाला, "मावशी, काळजीचं काही कारण..."

"मी इथं खाली आहे," अक्का म्हणाल्या.

"हो हो, मावशी, मी तेच..."

"तू वाचनालयाशी बोललास. त्याला काय झालंय? पेशंट मी आहे की! कागद बदल."

सगळे हसले. निखिल लाल झाला. पुन्हा सुरुवात. मी पुन्हा खूण केली, त्याचे डोळे पुन्हा वर गेले. तो मुद्दाम करत नव्हता. मागे हात हलला की डोळे जातातच. तिसऱ्या खेपेला त्याने उठून कोपऱ्यातली खुर्ची ओढली, अक्कांच्या शेजारी ठेवली आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही इथं बसा." मी बसलो. शेजारी बसून खूण करता येत नाही, पेशंटला दिसते.

अक्कांनी ती खुर्ची पाहिली. मग म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं." त्या दिवसापासून वर्गातला तो पहिला धडा झाला. आधी मागचा माणूस पुढे आणायचा, मग तोंड उघडायचं. प्रत्येक नव्या मुलाने तो स्वतःहून शोधावा म्हणून मी मात्र दर गुरुवारी मागेच उभा राहायचो.

आणखी एक पेशंट यायचे, सलीमचाचा. पूर्वी टेम्पो चालवायचे, तोंडाचं ऑपरेशन झालेलं, अर्धा जबडा गेलेला. बोलणं तोतरं झालं होतं, पण जीभ तीच. एक मुलगी फाइलमध्ये मान घालून त्यांना पुढचे उपचार समजावू लागली, तर चाचा म्हणाले, "बेटी, मेरेकू बोलरी क्या फाइलकू?" अक्का इतक्या हसल्या की पिना सुटल्या.

मुलांना वाटे, अक्का कुणाला घाबरत नाहीत. मला ठाऊक होतं, त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी पाहिलं नाही. तपासणीची तारीख जवळ आली की त्या पुढच्या खोलीतली पडून असलेली टंकयंत्रं काढून बसत. संस्था केव्हाच संपली होती, पण यंत्रांवर कापडी खोळी होत्या. खोळ काढायची, तेल घालायचं, पुसायचं. मग एकच ओळ टाइप करत राहायची. मागांच्या खटखटीत ती टकटक कुणाला ऐकू जात नसे, शेजारच्या घरात, भिंतीपलीकडे मला मात्र जाई. ती ऐकली की मला समजे, तारीख आली. खोकला आला तरी त्या छातीवर हात ठेवून थांबत, आतून काही उत्तर येतंय का ऐकत. रिपोर्ट चांगला आला की त्या दिवशी शेंगाची चटणी कुटायच्या आणि भाकरीबरोबर मलाही द्यायच्या. त्या चटणीत तिखट नेहमीच जास्त असायचं.

हातात त्यांच्या कायम एक टॉवेल असे. इथलाच विणलेला, निळ्या काठाचा. त्याचा पीळ किती घट्ट आहे यावरून मी त्यांचं मन ओळखत असे. मागे उभ्या माणसाला एवढंच दिसतं, अंबाडा आणि हात. बाकीचा चेहरा मी समोरच्या मुलांच्या चेहऱ्यावर वाचायचो.

मागच्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी अक्का म्हणाल्या, आजचा पेशंट मी ठरवून आणलाय. एरवी विभागप्रमुख बाई पेशंटची माहिती देत. अक्कांनी सांगितलं, "बाई. छातीचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. आता कंबरेत दुखतंय, जिना चढवत नाही. आजार परत आलाय, हाडात. या खेपेला पूर्ण जाणार नाही. हे तिला सांगायचंय. एकेकाने या."

पहिला बसला. म्हणाला, "रिपोर्टमध्ये थोडं प्रोग्रेशन दिसतंय."

"माझ्या घरात कोण राहायला आलंय ते मला माझ्या भाषेत सांग. कागद बदल."

दुसरा आला, आपण सगळे मिळून लढू म्हणाला. "लढाई नंतर. आधी बातमी." तिसरीचे डोळेच भरले. अक्का तिला म्हणाल्या, "रड. पण वाक्य पूर्ण कर." एकामागून एक सगळे आले. अक्का प्रत्येकाला तेच वाक्य म्हणायला लावत होत्या. आजार परत आलाय. तो पूर्ण जाणार नाही. कुणी बरोबर म्हटलं तरी त्या म्हणत, "पुन्हा." मी मागे उभा. टॉवेलला इतका पीळ बसला होता की त्याची दोरी झाली होती. आणि मला आठवलं, त्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यावर अक्का मध्येच थांबल्या होत्या. म्हणाल्या होत्या, चपलेचा अंगठा तुटलाय. अंगठा धड होता.

शेवटी नातेपुत्याची वैशाली बसली. ती शांत मुलगी. फाइल तिने बंद करून बाजूला ठेवली. मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "अक्का, बातमी चांगली नाही. आजार परत आलाय. हाडात आलाय. तो पूर्ण जाणार नाही. पण मी हितंच आहे." घाईत तिच्या तोंडून घरचं 'हितंच' निघालं.

अक्कांनी टॉवेल घट्ट धरला. बराच वेळ. मग खांदे थरथरले. समोरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "अक्का, काय अभिनय!" मी शेजारी बसलो होतो, पण त्यांच्याकडे वळून पाहायचा मला धीर झाला नाही. मी वैशालीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

परतताना रिक्षात मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"मागे उभं राहून एवढं दिसतं होय तुम्हाला!" अक्का म्हणाल्या. रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्कॅन झालाय. रिपोर्ट सोमवारी. अजून काही माहीत नाही, पण कंबर माझी आहे, मला कळतं. म्हटलं, कानांना सवय करावी. बोटं नाही का शिकत? तेच तेच करून."

"झाली का सवय?"

"नाही," त्या म्हणाल्या.

रविवारी श्रीनिवासचा, त्यांच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. मुलगा चांगला आहे, आईवर जीव आहे. म्हणाला, "काका, मला उद्या निघता येत नाही, मंगळवारी पोहोचतो. तुम्ही अम्मासोबत जा. आणि काही वाईट निघालं तर डॉक्टरांना खूण करा. अम्माला मी आल्यावर बघू. ती एकटीच असते हो घरी. काही करून घेतलं म्हणजे?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला. त्या रात्री भिंतीपलीकडून टकटक येत होती आणि मी विचार करत होतो. अक्का काय म्हणतात ते मला पाठ होतं. पण त्या एकट्या राहतात हेही खरं होतं. बातमी ऐकून घरी आल्यावर दार लावून घेणार आणि भिंतीच्या या बाजूला मी असणार. ती टकटक थांबली तर? मला भीती वाटली. मुलगा म्हणतो तसं एक दिवस गेला तर काय बिघडलं, असंही वाटलं. नरसय्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मी त्यांची नक्कल करत होतो.

सोमवारी आत वैशालीच होती. विभागप्रमुख बाई शेजारच्या खोलीत होत्या, पण अक्कांनीच सांगितलं होतं, ही मुलगी बोलू दे. अक्का खुर्चीत बसल्या. आणि मी, सवयीने, मागे जाऊन उभा राहिलो.

वैशालीने रिपोर्ट पाहिला. मला तिच्या चेहऱ्यावरच सगळं दिसलं. माझा हात मला जड वाटू लागला. तो वर येतोय की खाली आहे हेही मला नक्की कळेना. समोर तिला चष्मा नव्हता. अक्कांना काही दिसलं नसतं.

वैशालीने माझ्याकडे मान वर केलीच नाही. रिपोर्टवरून तिची नजर सरळ अक्कांवर गेली आणि तिथेच राहिली. तिथूनच ती म्हणाली, "काका, पुढे या. अक्कांच्या शेजारी बसा."

मी जाऊन बसलो. हात मांडीवर ठेवले.

"अक्का," वैशाली म्हणाली, "रिपोर्ट आलाय. त्यात जरा, म्हणजे आपल्याला थोडं..."

तिचा आवाज फुटला. वर्गात फुटला नव्हता.

अक्कांनी टॉवेल मांडीवर सोडला. "कागद बदल," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मला ते शब्द ओठांवरून समजले.

वैशालीने श्वास घेतला. "अक्का, बातमी चांगली न्हाय. आजार परत आलाय. हाडात. पूर्ण जाणार न्हाय."

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. अक्कांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि त्या थरथरू लागल्या. सगळ्या अंगाने. दात वाजत होते. "एवढ्या वेळा ऐकलं," त्या म्हणाल्या, "काही उपयोग झाला नाही गं. काही नाही."

मला वाटलं, आता वैशाली औषधांबद्दल बोलायला लागेल, किंवा बाईंना बोलवायला उठेल. तिच्या जागी मी असतो तर उठलो असतो. ती उठली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघींचे गुडघे लागले. दारातून नर्स डोकावली, तिला तिने हाताने थांबवलं. बराच वेळ ती नुसती बसून राहिली, अक्कांचं थरथरणं पाहत. नजर एकदाही हलवली नाही. शेवटी अक्काच म्हणाल्या, "आता पुढचं सांग," आणि मग तिने सांगितलं.

त्या रात्री अक्का माझ्या घरी जेवल्या. म्हणजे बसल्या. आम्ही दोघं उघड उघड घाबरलेले होतो आणि ते लपवायचं कुणाला कारण नव्हतं. श्रीनिवासचा फोन आला तेव्हा अक्कांनीच घेतला. तेलुगूत बोलल्या. मला एवढंच कळलं की त्या बोलत होत्या आणि पलीकडून रडणं ऐकू येत होतं.

नंतर त्या वर्गाला आणखी काही गुरुवार आल्या. मग जिना चढवेना. मग घरीच.

शेवटचं पाहिलं ते उन्हाळा सुरू होताना. पुढच्या खोलीतली यंत्रं काढून त्यांची खाट तिथे आणली होती. श्रीनिवास सुट्टी घेऊन आला होता. आठवड्यातून एकदा वैशाली सुई द्यायला आणि बघायला येई. आदल्या खेपेला ती अक्कांशी बोलत असताना श्रीनिवास खाटेच्या डोक्याशी, मागे उभा होता. अक्कांनी काय पाहिलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खाट सरकवलेली होती. डोक्याची बाजू थेट भिंतीला टेकवून.

"मीच सांगितलं सरकवायला," अक्का म्हणाल्या. श्रीनिवास त्यांच्या पायांशी बसला होता, डोळे सुजलेले. "आता ज्याला बोलायचंय त्याने समोर यायचं."

मी खुर्ची घेऊन समोर बसलो. आणि माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत या चेहऱ्याकडे मी असा निवांत कधी पाहिलाच नव्हता. गाल आत गेले होते. डोळे मोठे, सारखे दाराकडे जाऊन परत येणारे. कपाळावर घाम. अंबाडा नव्हताच, कुरळे केस उशीवर पसरले होते.

"वाचनालय," त्या म्हणाल्या, "मी कशी दिसते?"

"बऱ्या दिसता आज," मी म्हणालो. "कालच्यापेक्षा..."

त्यांनी चादरीवरून एक बोट उचललं. "कागद बदल."

बाहेर माग चालू होते. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, नीट, कुणाच्या चेहऱ्यावरून नाही.

"घाबरलेल्या दिसता," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मग हातातल्या टॉवेलचा पीळ हळूहळू सोडला आणि त्याचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.